किनाऱ्याची वाळू, विहिरीचं पाणी आणि तिसऱ्यांदा उपसायला काढलेला टँक

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाच दिसेल. गुहागरजवळ घर, मासे आणि पाणझाडं ठेवायचा दोन फुटी काचेचा टँक, पाणी घरच्या विहिरीचं, तळाला समुद्रावरून आणून सात-आठ वेळा धुतलेली वाळू. झाडं पुण्याहून कुरियरने मागवलीत, पंधरा दिवसांत पानं विरघळली, उरलेल्यांवर केसांसारखं हिरवं शेवाळ आलं. लाईट रोज दहा तास. मासे म्हणजे दहा-बारा गप्पी, दोन गोल्डफिश आणि एक सकर. आठ महिन्यांत सगळं दोनदा उपसून पुन्हा लावलंत. आता तिसऱ्यांदा उपसायचंय आणि विचारताय, की या वेळी सीओटूचा (झाडं वाढायला पाण्यात सोडतात त्या कार्बन डायऑक्साइडचा) सिलिंडर आणि परदेशी माती घेऊ का?

सिलिंडर नको. मातीचं नंतर बोलू. टँक मात्र उपसावाच लागेल, पण तुम्ही समजताय त्या कारणासाठी नव्हे. मी दापोलीकडे राहतो. अठरा-एकोणीस वर्षं स्वतःचे आणि लोकांच्या घरचे टँक लावतोय, आणि किनाऱ्यावरच्या घरांत हीच गोष्ट वारंवार पाहिली आहे. माणूस चुकीची वाळू घालतो, झाडं आजारतात, तो खत, लाईट, औषध सगळं एकदम बदलतो, मग वैतागून उपसतो आणि तीच वाळू धुऊन परत घालतो. झाडांना सलग तीन महिने एक परिस्थिती मिळतच नाही.

वाळूची खात्री स्वतः करून घ्या, माझ्यावर विश्वास ठेवू नका. एक चमचा वाळू कोरडी करून वाटीत घ्या, वर लिंबू पिळा किंवा व्हिनेगर ओता आणि वाटी कानाजवळ धरा. चुरचुर आवाज आला, बारीक बुडबुडे उठले, की त्यात शिंपल्यांचा चुरा आहे. आपल्या किनाऱ्यांवर तो असतोच. काळबादेवीकडची काळी वाळू दिसायला वेगळी, तिच्यातला काळा भाग इल्मेनाइट या खनिजाचा, तो पाण्यात विरघळत नाही; पण तिच्यातही शिंपले मिसळलेले असतात. धुतल्याने मीठ जातं, चुना जात नाही. (आणि किनाऱ्यावरची वाळू उचलणं नियमातही बसत नाही, हे जाता जाता.)

दुसरी चाचणी त्याहून बोलकी आहे. पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरवाल्यांकडे असतं ते पेनासारखं टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं, कुणाकडून तरी आणा. एकदा विहिरीच्या पाण्यात बुडवा, एकदा टँकच्या. आपल्याकडचं जांभ्यातून झिरपलेलं पाणी फार मऊ असतं. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस दर वर्षी त्या दगडातून जातो, धुऊन निघण्यासारखं जे होतं ते कधीच निघून गेलंय. माझ्या विहिरीचा आकडा पावसात साठच्या आसपास असतो, मे महिन्यात शंभराच्या थोडा वर जातो. तुमचाही असाच असेल आणि टँकमध्ये साडेतीनशे-चारशे दिसत असेल, तर मधला सगळा फरक तुमच्या वाळूने आणि साठलेल्या घाणीने घातलेला आहे. विहीर खाडीला लागून असेल आणि उन्हाळ्यात पाणी मचूळ लागत असेल, तर माझं पुढचं अर्धं उत्तर तुम्हाला लागू नाही. मग पावसाचं पाणी साठवून त्यात मिसळण्याखेरीज फारसा उपाय नसतो.

आता याने झाडांचं काय बिघडतं? शिंपल्यांमुळे पाणी क्षारयुक्त होतं आणि पीएच आठच्या पुढे सरकतो. तिथे लोह झाडांना उचलता येत नाही, पाण्यात असूनसुद्धा. तुमच्या फोटोत नवी पानं फिकट पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसतायत, ती याचीच खूण. त्यात तुम्ही दर आठवड्याला अर्धं पाणी काढून विहिरीचं मऊ पाणी घालता. म्हणजे एका दिवसात आकडा जवळजवळ निम्म्यावर येतो आणि पुढचे सहा दिवस हळूहळू चढतो. क्रिप्टोकोरिनीसारखी (थोडक्यात क्रिप्ट) झाडं असल्या हेलकाव्यांना पानं गाळूनच उत्तर देतात. वाळूही बारीक, घट्ट बसणारी. मुळं उपटून पाहा, टोकं काळी असतील आणि कुजक्या अंड्यासारखा वास येईल.

एक पळवाट आहे, तीही सांगतो. तुम्हाला फक्त व्हॅलिसनेरियाचं, म्हणजे लांब पट्ट्यांसारख्या पानांचं, रान चाललं, तर वाळू बदलूच नका. ते झाड जड पाण्यात खुशाल वाढतं आणि गप्पींनाही तसंच पाणी आवडतं. माझ्या ओळखीत एकाने असा टँक सहा वर्षं चालवलाय, सुरेख दिसतो. पण तुम्हाला रोटाला, क्रिप्ट, लाल पानं हवी आहेत, म्हणून वाळू काढायची.

आणखी एक खुलासा. नर्सऱ्या बहुतेक झाडं पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात. ती पाण्यात गेल्यावर जुनी पानं मरणारच, पाण्यात जगणारी पानं वेगळी फुटावी लागतात. त्याला तीन-चार आठवडे लागतात. तुम्ही पंधराव्या दिवशी पानं विरघळलेली बघून झाडं फेकलीत. क्रिप्टच्या बाबतीत तर हमखास चूक: वरचं सगळं गेलं तरी खालचा गड्डा जिवंत असतो. पुढच्या वेळी वरची चिकट पानं कापून टाका, गड्ड्याला हात लावू नका.

आता उपसायचं कसं. यात मी जरा रेंगाळणार आहे, कारण मागच्या दोन्ही वेळा तुमचं नुकसान इथेच झालं. तुम्ही लिहिलंय, ‘फिल्टरसकट सगळं नळाखाली स्वच्छ धुतलं.’ फिल्टरच्या स्पंजात माशांच्या घाणीतला अमोनिया आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू असतात. ती वसाहत उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात. तुम्ही दोनदा ती धुऊन टाकलीत, म्हणून उपसल्यावर आठवडाभरात गप्पी मरायचे. या वेळी टँक मोडा, फिल्टर मोडू नका.

आठ-दहा दिवस आधीपासून रोज टँकमधलं एकेक बादली पाणी काढून विहिरीचं घाला. मासे साडेतीनशेच्या पाण्याला सरावलेले आहेत. त्यांना एकदम शंभराच्या पाण्यात टाकलं तर त्यांच्या अंगातल्या क्षारांचा तोल जातो. आकडा दोनशेच्या आत आला की उपसायचा दिवस धरा. सुट्टीचा, सकाळचा, आणि लाईट जाणार नाही असा. शेवटची अट पाळणं तुमच्या हातात नाही, मला माहीत आहे.

दोन मोठ्या बादल्या किंवा एक टब घ्या. टँकमधलंच पाणी नळीने त्यात काढा, मासे त्यात, फिल्टरही त्याच टबात लावून चालू ठेवा. वर जाळी टाका, गप्पी उडी मारतात. झाडं उपटून परातीत ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळा आणि शेवाळ लागलेली पानं तिथेच कापून टाका. मासे बाहेर आल्यावरच वाळूला हात घाला. जुन्या तळात अडकलेला अमोनिया आणि तो कुजका वायू ढवळल्यावर एकदम सुटतो, त्यातच मासे मरतात. वाळू ओली असतानाच थाळीने किंवा नारळाच्या करवंटीने काढा, काचेला ओरखडा पडत नाही.

नवा तळ. नदीची वाळू घ्या, खाडीची नको. बांधकामाच्या ढिगातून आणत असाल तर पुन्हा लिंबाची परीक्षा. आधी बारीक चाळणीने पीठ काढून टाका, मग मोठ्या चाळणीने खडे. एक ते तीन मिलिमीटरचे दाणे राहायला हवेत. पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत धुवा. बारा-पंधरा बादल्या लागतात, विहिरीला पंप नसेल तर आदल्या दिवशी उरकून ठेवा.

वाळूखाली माती घालायची का? परदेशी दाणेदार माती चांगली असते यात वाद नाही. ती पाणी किंचित आम्ल ठेवते, मुळांना खाऊ देते. पण आपलं पाणी आधीच मऊ आहे, म्हणजे तिचा निम्मा फायदा तुम्हाला विहीर फुकट देते. शिवाय पहिले दोन-चार आठवडे ती स्वतः अमोनिया सोडते. तेवढे दिवस मासे टबात ठेवण्याची तयारी असेल तरच घ्या. मी बहुतेक ठिकाणी परसातली लाल माती वापरतो. कलमांच्या आळ्यातली नव्हे, तिथे खत आणि फवारणी पडलेली असते. बांधाच्या कडेची, न राबलेली माती घ्या, चाळा, पाण्यात कालवून वर तरंगणारा काडीकचरा ओतून द्या, उन्हात वाळवा. असं चार-पाच वेळा. पाऊण इंच माती, तिच्यावर दीड-दोन इंच वाळू. काचेला लागून माती दिसू देऊ नका, कडेचे दोन बोटं वाळूच ठेवा.

ही माती म्हणजे खत नव्हे, हे लक्षात असू द्या. जांभ्याच्या मातीत लोह भरपूर, बाकी फार काही नाही, आणि स्फुरद तर ती स्वतःच धरून बसते. वाळूखाली हवा कमी झाली की तिच्यातलं लोह मुळांना घेता येईल अशा रूपात येतं, एवढ्यासाठीच ती घालायची. म्हणूनच थर पातळ. एका शिक्षक मित्राकडे मी उत्साहात दोन इंच थर दिला होता. महिनाभरात तळातून बुडबुडे आणि वास. तो टँक मीच परत उपसून दिला, चहासुद्धा त्यांचाच प्यायलो.

दगड हवा असेल तर काळवत्री, म्हणजे काळा बसाल्ट, बिनधास्त. जांभा दिसतो सुंदर, पण ताजा चिऱ्याचा तुकडा तांबडी भुकटी सोडत राहतो. सड्यावर वर्षानुवर्षं ऊनपाऊस खाऊन काळा पडलेला, खणखणीत वाजणारा तुकडा असेल तर घासून, आठवडाभर पाण्यात ठेवून मग घाला. किनाऱ्यावर वाहून आलेलं लाकूड नको, त्यातलं मीठ निघता निघत नाही.

पाणी भरताना मी केळीचं पान वापरतो. वाळूवर पान अंथरायचं आणि त्याच्या मधोमध मगाने सावकाश ओतायचं. ताटलीपेक्षा बरं, कारण पाणी चढतं तसं पान स्वतःच तरंगत वर येतं आणि खालची माती उसळत नाही. चार बोटं पाणी झालं की थांबा आणि झाडं लावून घ्या. दांड्याची झाडं एकेक कांडी सुटी करून, चिमट्याने तिरकी खोचून. जुडीच्या जुडी रोवू नका, मधल्या कुजतात. अनुबियास आणि जावा फर्न मात्र वाळूत पुरायचे नाहीत, दगडाला दोऱ्याने बांधायचे. मग उरलेलं पाणी भरा, फिल्टर टँकमध्ये हलवा. मासे संध्याकाळी, टबातल्या पाण्यात टँकचं पाणी थोडं थोडं मिसळत तासाभराने सोडा. पहिले दोन आठवडे दर दोन दिवसांनी चौथा भाग पाणी बदला.

सुरुवातीला गर्दी हवी. तळाचा निदान अर्धा भाग पहिल्याच दिवशी झाडांनी झाकलेला पाहिजे, आणि तीही वाढीला चपळ: हायग्रोफिला, रोटाला रोटुंडिफोलिया, वॉटर स्प्राइट, नुसतं तरंगत सोडलेलं हॉर्नवर्ट. घराजवळ ओलीला ब्राह्मी असेल तर तीही चालते. रिकाम्या टँकमधला खाऊ आणि उजेड शेवाळ खातं, त्याला दुसरं कुणी गिऱ्हाईक नसतं. हवी ती निवांत वाढणारी झाडं दोन महिन्यांनी या गर्दीच्या जागी आणा. सह्याद्रीतल्या ओढ्यांत रानटी क्रिप्ट आणि ॲपोनोजेटॉन आहेत, त्यांतल्या काही जाती या पट्ट्याबाहेर कुठेच नाहीत. पऱ्यातून ती उपटून आणू नका, नर्सरीतली घ्या. आणि टँकमधली छाटणी पऱ्यात टाकू नका, वाळवून माडाच्या बुंध्यात टाका.

लाईट सहा तास, टायमर लावून. दहा तासांचा उजेड, तोही सीओटूशिवाय, म्हणजे शेवाळाला आमंत्रण. महिनाभर शेवाळ नाही दिसलं तर सात करा, आठच्या वर जाऊ नका. खिडकीतलं थेट ऊन पडत असेल तर टँक हलवा. सिलिंडर का नको, तर तुमच्या आवडीतली बहुतेक झाडं त्याशिवाय जगतात, फक्त सावकाश. आपल्याकडे लाईट जाते, वॉल्व्ह बंद होतो, पाण्यातला वायू कमीजास्त होतो, आणि त्या चढउतारातच काळं दाढीसारखं शेवाळ धरतं. वर्षभर टँक स्थिर चालला आणि तरी हौस राहिली, तर तेव्हा बोलू.

खताची बाटली विकत घेण्याआधी आंब्याच्या खतांच्या दुकानात जा. १३-०-४५ हे विद्राव्य खत आपल्याकडे मोहोरासाठी फवारतात, तेच पोटॅशियम नायट्रेट. दहा ग्रॅम घेऊन अर्धा लिटर गाळलेल्या पाण्यात विरघळवा. तुमच्या टँकमध्ये माती-दगड धरून पंचावन्न लिटरच्या आसपास पाणी बसेल. त्यात आठवड्याला २५ मिली पुरे, म्हणजे अर्धा ग्रॅम. मासे कमी आणि झाडं दाट असतील तर दुप्पट. मऊ पाण्यात मॅग्नेशियमही तोकडं पडतं, म्हणून पाणी बदललं की एक ग्रॅम एप्सम सॉल्ट. आणि कॅल्शियमसाठी? मूठभर शिंपले धुऊन जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरपाशी ठेवा. हसू येईल, शिंपल्यांवर एवढं बोलून शेवटी शिंपलेच. पण पिशवी हवी तेव्हा बाहेर काढता येते, तळ काढता येत नाही. गप्पींनाही तेवढा क्षार लागतो. टीडीएस दीडशे-पावणेदोनशेच्या दरम्यान राहील असं पाहा.

दुकानदार ‘टॉनिक’ देईल, ते नको. त्यात तांबं असू शकतं. सुपारीवर बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण, त्यातही तांबंच) मारतात ती बादली, तो मग, तो पंप टँकच्या आसपासही आणू नका. आंब्यावर कीटकनाशकाची फवारणी चालू असेल त्या दिवशी खोलीच्या खिडक्या बंद आणि एअरपंपही बंद, कारण तो बाहेरची हवा थेट पाण्यात ओढतो. ही औषधं माशांना फार कमी प्रमाणातही मारतात.

आता तुम्ही न विचारलेल्या दोन गोष्टी, कारण विचाराल तेव्हा उशीर झालेला असेल.

पावसाळ्याच्या तोंडाला ग्रामपंचायत विहिरींत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकते. चांगलंच आहे, पण ते क्लोरीन. एका जूनमध्ये आमची विहीर आटली होती म्हणून शेजारच्या सार्वजनिक विहिरीचं पाणी न विचारता घातलं आणि दुपारपर्यंत चौदा मासे उलटे. तेव्हापासून त्या दिवसांत पाणी उघड्या पिंपात दोन दिवस ठेवतो, घाई असेल तर सोडियम थायोसल्फेटचे खडे.

दुसरं, वीज. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्याकडे कित्येक दिवस अंधार होता. मासे पहिल्या रात्री तगले. गेले ते मी फिल्टर परत चालू केल्यावर. बंद डब्याच्या फिल्टरमध्ये पाणी काही तासांत सडतं, जिवाणू मरतात, आणि वीज आल्यावर ते सगळं पाणी टँकमध्ये जातं. त्यामुळे चार-पाच तासांहून जास्त वीज गेली तर आधी डबा उघडा, आतलं पाणी ओतून द्या, स्पंज टँकच्याच पाण्यात पिळा, मग चालू करा. बॅटरीवरचा छोटा एअरपंप घेऊन ठेवा. दाट झाडीचा टँक रात्री उलट प्राणवायू खातो, पहाटेला मासे वर येऊन तोंड मारतात ते त्यामुळेच. मे महिन्यात पाणी एकतिशीपर्यंत तापतं तेव्हा हे जास्त. पुण्याचे लोक टँकवर पंखा लावायला सांगतात; आपल्या दमट हवेत पाणी उडतच नाही, जेमतेम एखादा अंश उतरतो. झाकण काढून ठेवा आणि खाणं निम्मं करा.

मासे. गोल्डफिश कुणाला तरी मोठ्या टँकवाल्याला द्या. ते कोवळी पानं खातात, मुळं उकरतात आणि दोन फुटांत त्यांचाच कोंडमारा होतो. सकर आज तीन इंचाचा असेल, तो फूटभराच्या पुढे जातो; दुकानात परत करा, पण नदीत किंवा तळ्यात सोडू नका. नुसत्या गप्पींवर वर्षभर चालवा.

उपसायच्या आधी मला तीन गोष्टी कळवा: लिंबाला वाळू फसफसली का, विहिरीचा आणि टँकचा टीडीएस किती, आणि फिल्टर डब्याचा आहे की आत लटकवायचा. आत नुसता स्पंज फिल्टर असेल तर वरची डब्याची भानगड तुम्हाला नाही. फोटो काढाल तो लाईट लागून तीनेक तास झाल्यावर, समोरून, आणि एक नव्या पानाचा अगदी जवळून. जुन्या पानांचे नकोत, ती जाणारच आहेत.